कॅमेरा कुणाचा?

घरातलं वडीलधारं माणूस गेलं किंवा जुना वाडा पाडायला निघाला, की कपाटं रिकामी होऊ लागतात आणि वस्तूंची एक वाटणी आपोआप होते. पितळी डबे, पुरणयंत्र, शिवणाचं मशीन, खलबत्ता हे सगळं 'आईचं'. मनगटी घड्याळ, रेडिओ, सायकल, टाइपरायटर आणि कॅमेरा हे 'बाबांचं'. ही वाटणी कुणी बसून ठरवलेली नसते. तिच्यावर वादही होत नाही. 'बाबांचा कॅमेरा' हे दोन शब्द आपल्या तोंडात इतके जोडून बसलेत, की ते वेगळे करता येतात हेच कुणाच्या मनात येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ते वेगळे करून बघावेत. आणि त्यासाठी आधी कॅमेरा कसा ओळखायचा हे बायकांनी शिकून घ्यावं. अवघड तर मुळीच नाही.

माझ्या हातात असा एक कॅमेरा आला तो पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी. पितळेच्या समया, बंद पडलेले मिक्सर आणि गंजलेल्या कुलपांच्या ढिगात एक चॉकलेटी रंगाचं, कडक झालेलं चामडी कव्हर. आत जड धूड. विक्रेत्याने सांगितलं, "जर्मन लायका आहे साहेब, असा माल परत येत नाही." हे त्याने सांगितलं माझ्याबरोबर आलेल्या माझ्या भाच्याला. कॅमेरा माझ्या हातात, पैशांची पर्स माझ्या खांद्यावर, आणि 'साहेब' कोण तर बावीस वर्षांचा मुलगा, ज्याने आयुष्यात रोल पाहिलेला नाही! अडीच हजारांपासून सुरू झालेली किंमत चौदाशेवर आली. लायका तो नव्हता, हे मला तिथेच कळलं होतं. पण काय आहे ते बघायची उत्सुकता होतीच.

आता ओळखायचं कसं? पहिली गोष्ट, समोरून बघायचं. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत पूर्वी 'आग्फा क्लिक' असायचा, म्हणजे साधा डबा कॅमेरा. त्यात अंतर जुळवायची फारशी भानगडच नव्हती. माझ्या हातातला कॅमेरा मात्र 'रेंजफाइंडर' जातीचा होता. या जातीची खूण म्हणजे कपाळावर एकापेक्षा जास्त काचेच्या खिडक्या. एक मोठी, तिच्यापासून थोड्या अंतरावर एक छोटी. मागून डोळा लावला की मधोमध एक पिवळसर ठिपका दिसतो आणि त्यात समोरच्या माणसाची दोन नाकं दिसतात. लेन्सची कडी फिरवत गेलं की दोन्ही नाकं सरकत सरकत एकावर एक येतात. आली, की अंतर बरोबर जुळलं. दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एक करायच्या, एवढंच त्याचं तंत्र. यातली मजा अशी, की आपण बघतो खिडकीतून आणि फोटो निघतो लेन्समधून. म्हणजे लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी बघणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसत असतं! अख्ख्या मुंजीचा रोल कोरा निघाल्याच्या ज्या कथा घराघरांत सांगितल्या जातात, त्यातल्या काहींचं मूळ इथे असणार.

दुसरी गोष्ट, नाव. जपानी कॅमेरे या बाबतीत सरळ. याशिका, कॅनन, मिनोल्टा ही नावं इंग्रजीत स्वच्छ लिहिलेली असतात. कॅननचा 'कॅनोनेट' १९६१ चा, याशिकाचा 'इलेक्ट्रो ३५' १९६६ चा. काही जपानी कॅमेऱ्यांवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं कोरलेलं सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता आणि तो अंमल १९५२ मध्ये संपला, म्हणजे ती तीन-चार अक्षरंच कॅमेऱ्याचा काळ सांगून जातात. लेन्सच्या काचेभोवतीची बारीक अक्षरं तर नक्कीच वाचावीत. भिंग हातात घेऊन वाचावीत. डाळीतले खडे निवडणाऱ्या डोळ्यांना ते जड जाऊ नये.

माझ्या कॅमेऱ्यावरचं नाव मात्र वाचता येईना. पहिलं अक्षर इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं, पुढची काही ओळखीची, काही उलटी. शेवटी चारचा आकडा. ही रशियन लिपी. तो तीनचा आकडा म्हणजे त्यांचा 'झ', आणि नाव 'झोर्की ४'. झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. मॉस्कोजवळच्या क्रासनोगोर्स्क इथल्या कारखान्यात तो तयार व्हायचा. भिंगाच्या लोलकातून आरपार जाणारा प्रकाशकिरण ही त्या कारखान्याची खूण. हे मॉडेल १९५६ ते १९७३ पर्यंत निघालं आणि सतरा लाखांच्या आसपास नग तयार झाले. म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही. विकून कुणी बंगला बांधणार नाही.

वर्ष शोधणं तर त्याहून सोपं. या कारखान्याच्या त्या काळातल्या मालावर जो क्रमांक कोरलेला असतो त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष. माझ्या कॅमेऱ्याचे ६६, लेन्सचे ६५. लेन्स फिरवून काढता येते, बदलता येते, म्हणून दोन्हीकडे बघावं. एकाच वर्षाच्या आगेमागे असतील तर बहुधा जोडी मूळची. खार्किवच्या 'फेड' कॅमेऱ्यांना मात्र हा नियम लावू नये, तिथे क्रमांकावरून वर्ष कळत नाही.

'फेड'चं नाव निघालंच आहे तर लायकाचं कोडंही सोडवून टाकू. जर्मन लायकाने १९३२ मध्ये अंतर जुळवायची ही सोय कॅमेऱ्याच्या पोटातच बसवली. दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, खार्किवमध्ये अनाथ आणि रस्त्यावर वाढलेल्या मुलामुलींच्या एका वसाहतीत त्याची हुबेहूब नक्कल तयार होऊ लागली. वसाहत मकारेंको या शिक्षणतज्ज्ञाच्या नावाशी जोडलेली, आणि कॅमेऱ्याचं नाव मात्र रशियाच्या गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून! युद्धानंतर झोर्कीची सुरुवातही त्याच नकलेपासून झाली. पुढे सोव्हिएत संघ मोडल्यावर अनेकांनी हे जुने फेड आणि झोर्की घासून पुसून, त्यावर लायकाचं नाव कोरून पर्यटकांच्या गळ्यात मारले. कुणी सोनेरी मुलामा दिला, कुणी नाझी गरुड कोरला. 'जर्मन लष्कराचा लायका' म्हणून जे चकाकतं ते बहुतेक हेच.

खरा-खोटा ओळखायचा तर लेन्स काढून आत बघावं. अंतर जुळवणारा एक छोटा दांडा दिसतो. खऱ्या लायकात त्याच्या टोकाला गोल फिरणारं चाक असतं. रशियन नकलेत चाक नसतं, नुसतं पाचरीसारखं घडीव टोक असतं. वरून कितीही नावं कोरा, आत हात घालून तो दांडा कुणी सहसा बदलत नाही.

हे वाचून तुम्हाला पैठणी आठवली असेल तर बरोबर आठवली. हातमागाची पैठणी ओळखताना आपण पदर उलटा करून बघतो. दोन्हीकडून नक्षी सारखी दिसली तर हाताची, मागे धागे लोंबत किंवा कापलेले दिसले तर मशीनची. दुकानदाराच्या बोलण्याकडे आपण लक्षही देत नाही. मग तीच बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' म्हणून मागे का सरकते? नजर तीच, सवय तीच. फक्त ही वस्तू आपल्या वाटणीची नाही असं कुणीतरी कधीतरी मनावर बिंबवलेलं.

बरं, रशियन अक्षरांचा कॅमेरा महाराष्ट्रात आला कुठून? बाहेर देशी विकायच्या कॅमेऱ्यांवर हा कारखाना नाव इंग्रजी अक्षरांत घालायचा. रशियन अक्षरं असली तर बहुधा कुणीतरी तिकडे जाऊन, तिकडच्या दुकानातून घेतलेला. आणि आपल्याकडून तिकडे जाणारे कमी नव्हते. भिलाईचा पोलाद कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहिला. पवईच्या आयआयटीला १९५८ मध्ये सुरुवात झाली तीही सोव्हिएत मदतीने. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला. त्या निमित्ताने कितीतरी मराठी इंजिनीयर प्रशिक्षणाला गेले आणि येताना लाकडी बाहुल्या, घड्याळं आणि कॅमेरे घेऊन आले. एक-दोन आकड्यांवरून आणि अक्षरांवरून एवढं सगळं समजतं.

इथपर्यंत माझा भाचाही खूश होता. त्याच्या मते ओळख पटली होती. बनावट, मॉडेल, साल, गाव, संपलं. माझं मन मात्र कव्हरात अडकलं होतं.

त्या चामडी कव्हराचा पट्टा गाठ मारून चांगला वीतभर आखूड केलेला होता. गाठ इतकी जुनी, की चामडं तिथे त्याच आकारात वाळून बसलेलं. आणि कव्हराच्या तळाशी लेन्स पुसायला ठेवलेलं एक फडकं. जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा, चारी कडांना हातशिलाईची बारीक तुरपाई. सगळे टाके एका मापाचे. मी म्हटलं, हा कॅमेरा एखाद्या बाईने वापरलेला असणार. बुटक्या बाईने. भाचा म्हणाला, "मावशी, फडकं बायकोने शिवून दिलं असेल. आणि बुटके पुरुष नसतात का?"

असतात की. मी पुरावा म्हणून हे कुठल्या कोर्टात मांडणार नाही. पण एक गंमत बघा. कॅमेरा पुरुषाचा होता असं म्हणायला त्याच्याकडे काय पुरावा होता? काहीही नाही. तरी सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर! गाठ आणि तुरपाई दाखवूनही माझी 'कल्पना', आणि काहीच न दाखवता त्याची 'वस्तुस्थिती'. माझा आक्षेप आहे तो इथे.

हा प्रकार घरगुती कॅमेऱ्यांपुरता नाही. होमाई व्यारावाला हे नाव आज माहीत असतं. जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जडच्या जड स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स कॅमेरे सांभाळत तिने दिल्लीत स्वातंत्र्याच्या आगेमागचा सगळा काळ टिपला. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये ती गेली. पण सुरुवातीच्या काळात तिची छायाचित्रं छापून आली ती नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावावर. ते स्वतः छायाचित्रकार होते आणि तिला ही कला त्यांनीच शिकवली होती, त्यात वाईट हेतू होता असं नाही. बाईचं नाव कुणाला ओळखीचं नव्हतं, माणेकशांचं होतं, एवढंच कारण. तिचं नाव पुढे आलं कारण तिने तीसएक वर्षं काम केलं. ज्यांनी घरातल्या बारशांचे आणि डोहाळजेवणांचे फोटो काढले, त्यांचं नाव कोण लावणार?

नाशिकला आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. वय ब्याऐंशी. काका ओझरच्या कारखान्यात होते, अडुसष्ट साली रशियाला जाऊन आले. त्यांच्याकडेही असाच कॅमेरा होता असं कानावर आल्यावर मी माझा घेऊन गेले. काकूंचा मुलगा, जावई, दोघंही पन्नाशीच्या पुढचे, उत्साहाने पुढे सरसावले. मुलाने हातात घेतल्याबरोबर वेगाची चकती फिरवायला सुरुवात केली. पलंगावरून काकू ओरडल्या, "अरे आधी चावी दे बाळा, मग आकडा फिरव! आतलं मोडेल."

शब्दशः बरोबर. या रशियन कॅमेऱ्यांचा हा पहिला नियम. आधी शटर ओढून तयार करायचं, मगच वेग बदलायचा. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. हे पुस्तकात वाचून कळतं किंवा वापरून.

"आई, तुला काय माहीत?" मुलाने विचारलं.

"मला नाही तर कुणाला? तुझे बाबा तिसऱ्या पाळीला. बारशाला, मुंजीला कॅमेरा घेऊन कोण जात होतं मग? रोलसुद्धा मीच भरायचे, पांघरुणात हात घालून."

मग अल्बम निघाला. काळी पानं, कोपऱ्यांत चिकटवलेले फोटो. मुलगा सायकलवर, मुलगी गॅदरिंगच्या पोशाखात, काका गंगेच्या घाटावर, सासूबाई तुळशीपाशी. पन्नासाहून अधिक फोटो आणि त्यात काकू फक्त दोनदा. त्यातल्या एकात कपाळापासून वरचं डोकंच नाही. "हा ह्यांनी काढलेला," काकू म्हणाल्या. जवळून काढताना खिडकी आणि लेन्स यांच्यात फरक पडतो, वर थोडी जागा सोडावी लागते, हे काकांना कधी जमलं नाही म्हणे. काकूंना जमत होतं. सासूबाईंच्या फोटोत अंबाड्यातलं फूलसुद्धा पूर्ण आलंय.

घरात कॅमेरा कुणी वापरला हे शोधायचं तर अल्बममध्ये कोण नाही ते मोजावं. बऱ्याच घरांत ते बाबाच निघतील, मला मान्य आहे. पण मोजल्याशिवाय ठरवू नये. वर्षानुवर्षं अल्बम चाळताना 'आई कुठे होती गं तेव्हा?' असं मुलं विचारतात, आणि 'असेल स्वयंपाकघरात' असं उत्तर कुणीतरी देऊन टाकतं.

काकूंचा कॅमेरा आता नाही. १९९८ मध्ये घर बदलताना मुलांनी तो इतर सामानाबरोबर देऊन टाकला. माझा कॅमेरा त्यांचाच असावा अशी वेडी आशा मला क्षणभर वाटली होती. त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि मान हलवली. त्यांच्या कॅमेऱ्यावर पन्नासचा आकडा आणि पुढे रशियन अक्षरं कोरलेली होती. म्हणजे तो १९६७ चा असणार. रशियन क्रांतीला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी काही झोर्कींवर तसं कोरलं होतं. हे सांगितल्यावर काकूंना इतका आनंद झाला, की जणू हरवलेल्या मुलाचा जन्मदाखला मिळाला. "विकला त्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या, "पण विकताना 'बाबांचा कॅमेरा' म्हणून विकला." मुलगा खाली बघत होता. त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं, आणि त्याने कधी विचारलंही नव्हतं.

तर मैत्रिणींनो, कपाट आवरताना असं काही हाती लागलं तर लगेच उघडू नका. रोल परत गुंडाळायची जी चकती वर असते ती हलकेच फिरवून बघा. अडली, ताण जाणवला, तर आत रोल आहे. तो रंगीत असेल तर फारशी आशा नाही, पण कृष्णधवल असेल तर कित्येक वर्षांनीही त्यावर चेहरे सापडू शकतात. उजेडात झाकण काढलं की सगळं गेलं. माझ्यात रोल नव्हता. झोर्की ४ चं मागचं आणि तळाचं झाकण एकत्रच निघतं, खालची दोन कुलपं फिरवली की. जुन्या लायकात फक्त तळ निघतो, ही आणखी एक खूण. पावसाळ्यात चामडी कव्हरात ठेवू नका, कव्हर ओल धरतं आणि लेन्सला बुरशी लागते. आणि घरात कुणी जुनं माणूस असेल तर वस्तू त्यांच्या हातात द्या. तोंडाने काही विचारू नका, नुसते हात बघा.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची केवढी पद्धत! वाटीवरसुद्धा कुणी, कुणाला, कुठल्या समारंभात, कुठल्या तारखेला दिली ते सुबक अक्षरांत. कॅमेऱ्यावर कुणी नाव घालत नाही. म्हणून मी एक चिठ्ठी लिहून त्या फडक्याबरोबर ठेवली आहे. 'झोर्की ४, क्रासनोगोर्स्क, १९६६. लेन्स १९६५. पुण्याच्या जुन्या बाजारातून. वापरणारी व्यक्ती माहीत नाही.'

भाच्याने ती वाचली आणि म्हणाला, "मावशी, 'वापरणारी' लिहून तू शेवटी ठरवूनच टाकलंस!"

म्हटलं, अरे, व्यक्ती हा शब्दच मराठीत स्त्रीलिंगी आहे, त्याला मी काय करू?